कार्बन नॅनोनलिका आणि सुरक्षिततेचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९१ ते २०२२)

प्रस्तावना

कार्बन हे माणसाच्या फार जुन्या परिचयाचे मूलद्रव्य आहे. चुलीतील कोळसा, दिव्याची काजळी, पेन्सिलीतील ग्राफाइट आणि दागिन्यातील हिरा ही सर्व त्याचीच रूपे होत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या कुटुंबात कार्बन नॅनोनलिकेची, म्हणजेच कार्बन नॅनोट्यूबची, भर पडली. ग्राफाइटचा केवळ एक अणू जाडीचा पापुद्रा गुंडाळला असता जशी पोकळ नळी तयार होईल, तशी या पदार्थाची रचना असते. एकच भिंत असलेल्या नळीस एकभिंती, तर एकात एक बसलेल्या अनेक नळ्यांच्या समूहास बहुभिंती नॅनोनलिका म्हणतात. एकभिंती नळीचा व्यास साधारणपणे एक ते दोन नॅनोमीटर, तर लांबी त्याच्या शेकडो ते हजारो पट असू शकते. पोलादाहून कितीतरी अधिक ताण सहन करण्याची क्षमता, वजनाने हलकेपणा आणि उत्तम विद्युतवाहकता या गुणांमुळे या पदार्थाकडे जगभरातील संशोधकांचे लक्ष वेधले गेले.

अशा पदार्थाचा इतिहास बहुधा त्याच्या गुणांचा आणि उपयोगांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्याला समांतर चाललेला दुसराही एक इतिहास आहे. ही भुकटी तयार करताना, तोलताना, पिशव्यांत भरताना ती श्वासावाटे ज्यांच्या शरीरात जाते, त्यांचे काय होते, या प्रश्नाचा तो इतिहास होय. प्रस्तुत निबंधात याच दुसऱ्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) नॅनोनलिकांच्या सुरक्षिततेविषयीची शंका केव्हा व कशातून निर्माण झाली, हे पाहणे.
२) या शंकेचे प्रायोगिक पुराव्यात रूपांतर कसे झाले, हे तपासणे.
३) त्या पुराव्याचा नियमनावर झालेला परिणाम व त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे.

पूर्वपीठिका : ॲस्बेस्टॉसचा धडा

नॅनोनलिकांची चर्चा ॲस्बेस्टॉसच्या इतिहासापासून वेगळी करता येत नाही. ब्रिटनमधील कारखाना निरीक्षक ल्युसी डीन यांनी १८९८ सालच्या अहवालातच ॲस्बेस्टॉसच्या धुळीच्या घातक परिणामांची नोंद केली होती. १९२४ मध्ये डॉ. डब्ल्यू. ई. कुक यांनी ॲस्बेस्टॉस कारखान्यात काम केलेल्या एका स्त्रीच्या मृत्यूचे वैद्यकीय विवरण प्रसिद्ध केले. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी ३६३ कामगारांची तपासणी करून सादर केलेल्या अहवालात सुमारे एक चतुर्थांश कामगारांच्या फुप्फुसांत तंतुमयता आढळल्याचे नमूद केले. त्यानंतर १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये धूळ नियंत्रणाचे नियम झाले. १९६० मध्ये वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड यांनी दक्षिण आफ्रिकेतील मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. फुप्फुसाच्या आवरणाचा हा कर्करोग खाणीत काम करणाऱ्यांपुरता मर्यादित नव्हता; खाणींच्या परिसरात केवळ राहिलेल्या व्यक्तींनाही तो झाला होता. एवढे होऊनही ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी येण्यास १९९९ साल उजाडावे लागले. पहिली लेखी सूचना आणि संपूर्ण बंदी यांत एका शतकाचे अंतर पडले.

या दीर्घ कालखंडातून विज्ञानाच्या हाती एक महत्त्वाचे सूत्र लागले. अमेरिकेतील संशोधक मर्ल स्टॅन्टन यांनी १९७० च्या दशकात व त्यानंतर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवून दिले, की तंतूची घातकता त्याच्या रासायनिक घटकांपेक्षा त्याच्या मापांवर व टिकाऊपणावर अधिक अवलंबून असते. तंतू बारीक असेल तर तो फुप्फुसात खोलवर पोहोचतो. तो फार लांब असेल तर परकीय कण गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशींना तो पूर्णपणे गिळता येत नाही. त्यातच तो न विरघळणारा असेल तर तेथेच राहून वर्षानुवर्षे दाह निर्माण करतो. बारीक, लांब आणि चिवट या तीन विशेषणांत हे सूत्र सांगता येते. नॅनोनलिकांचे ज्या शब्दांत कौतुक झाले, त्यांतही हीच विशेषणे होती, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

नॅनोनलिकांचा शोध आणि उत्पादन

पोकळ कार्बन नळ्यांची सूक्ष्मदर्शक छायाचित्रे राडुश्केविच व लुक्यानोविच या सोव्हिएत संशोधकांनी १९५२ मध्येच प्रसिद्ध केली होती. परंतु रशियन भाषेतील हा लेख पाश्चात्य संशोधकांच्या फारसा नजरेस आला नाही. १९७६ मध्ये मोरिनोबु एंडो यांनी फ्रान्समधील सहकाऱ्यांसह अशाच पोकळ तंतूंचे वर्णन केले. तथापि या विषयाला खरी चालना मिळाली ती जपानमधील एनईसी प्रयोगशाळेतील सुमिओ इजिमा यांच्या नोव्हेंबर १९९१ मधील ‘नेचर’च्या लेखाने. १९९३ मध्ये इजिमा व इचिहाशी, तसेच आयबीएममधील बेथून व सहकारी, या दोन गटांनी एकभिंती नॅनोनलिकांचा शोध एकाच वेळी जाहीर केला. पुढे राइस विद्यापीठात रिचर्ड स्मॉली यांच्या गटाने कार्बन मोनॉक्साइड वायूपासून एकभिंती नळ्या अधिक प्रमाणात बनविण्याची पद्धत विकसित केली. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी राष्ट्रीय नॅनोतंत्रज्ञान उपक्रमाची घोषणा केली आणि प्रयोगशाळेतील हा पदार्थ उद्योगाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला.

या टप्प्यावर त्याची कायदेशीर ओळख काय होती? आरंभीच्या काळात पुरवठादारांच्या सुरक्षा माहितीपत्रकांत नॅनोनलिकांसाठी ग्राफाइटचीच मर्यादा दिलेली आढळते. अमेरिकी नियमांत कृत्रिम ग्राफाइटच्या श्वसनयोग्य धुळीची मर्यादा दर घनमीटर हवेत ५ मिलिग्रॅम होती. घटक मूलद्रव्य एकच, म्हणून धोकाही तेवढाच, हे त्यामागील गृहीतक होते. ॲस्बेस्टॉसच्या अनुभवाने जे शिकवले होते, त्याच्या नेमके उलट असे हे गृहीतक होते.

पहिली शंका आणि पहिले प्रयोग (१९९८ ते २००५)

नॅनोनलिका ‘नवे ॲस्बेस्टॉस’ ठरतील काय, हा प्रश्न ‘सायन्स’ या नियतकालिकाने १९९८ मध्ये जाहीरपणे उपस्थित केला. इजिमा यांच्या लेखानंतर केवळ सात वर्षांत ही शंका व्यक्त झाली. एखाद्या औद्योगिक पदार्थाचा व्यापक वापर सुरू होण्यापूर्वीच त्याच्या धोक्याची चर्चा व्हावी, ही औद्योगिक इतिहासातील विरळ घटना म्हणावी लागेल.

जानेवारी २००४ मध्ये ‘टॉक्सिकॉलॉजिकल सायन्सेस’मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. नासाच्या जॉन्सन अवकाश केंद्राशी संबंधित लॅम व सहकाऱ्यांनी उंदरांच्या श्वासनलिकेत एकभिंती नॅनोनलिका सोडल्या असता फुप्फुसांत ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहजन्य पेशींच्या गाठी, निर्माण झालेल्या आढळल्या. ड्यूपॉन्ट कंपनीतील वॉरहाइट व सहकाऱ्यांनी घुशींच्या जातीच्या प्रयोगप्राण्यांवर, म्हणजे रॅटवर, असाच प्रयोग केला. सर्वाधिक मात्रा दिलेल्या प्राण्यांपैकी सुमारे १५ टक्के प्राणी चोवीस तासांत मरण पावले. परंतु हे मृत्यू विषबाधेने नव्हे, तर नलिकांच्या गुठळ्यांनी श्वासमार्ग बंद झाल्याने झाले, असे संशोधकांनी स्पष्ट केले. दोन्ही प्रयोगांत गाठी आढळल्या, मात्र त्यांच्या अर्थाविषयी मतभेद राहिला. श्वासनलिकेत द्रव ओतणे म्हणजे हवेतून श्वास घेणे नव्हे, ही त्यांची मोठी मर्यादा होती. २००५ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेतील, म्हणजे नायॉशमधील, श्वेदोव्हा व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाहाबरोबरच तंतुमयता वाढत असल्याचेही दाखविले.

प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणची स्थितीही याच सुमारास तपासली गेली. मेनार्ड व सहकाऱ्यांच्या २००४ मधील अभ्यासात एकभिंती नॅनोनलिका हाताळताना हवेतील प्रमाण दर घनमीटरला ५३ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आढळले. एकेका हातमोज्यावर मात्र ०.२ ते ६ मिलिग्रॅम पदार्थ चिकटलेला होता. ग्राफाइटच्या मापाने पाहिले तर ही हवा निर्धोक ठरली असती. ते माप योग्य आहे काय, हाच मूळ प्रश्न होता. जुलै २००४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी व रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग यांच्या संयुक्त अहवालाने नॅनोकण व नॅनोनलिका घातक आहेत असे समजूनच कारखान्यांनी व प्रयोगशाळांनी त्यांची हाताळणी करावी, अशी शिफारस केली. पुरावा अपुरा असताना सावधगिरीची बाजू घेणारी ही भूमिका होती.

२००८ : लांबीचा प्रश्न

२००८ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. वर्षाच्या आरंभी जपानमधील ताकागी व सहकाऱ्यांनी कर्करोगास सहज बळी पडणाऱ्या जनुकीय प्रकारच्या उंदरांच्या उदरपोकळीत बहुभिंती नॅनोनलिका टोचल्या असता मेसोथेलिओमा निर्माण झाल्याचे प्रसिद्ध केले. वापरलेली मात्रा फार मोठी असल्याची टीका या प्रयोगावर झाली. त्याच वर्षी एडिंबरो येथील केन डोनाल्डसन, क्रेग पोलंड व सहकाऱ्यांचा ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’मधील लेख प्रकाशित झाला. त्यांनी बहुभिंती नॅनोनलिकांचे लांब व सरळ, तसेच आखूड व गुंतलेले असे वेगवेगळे नमुने घेतले आणि त्यांच्या जोडीला लांब व आखूड ॲस्बेस्टॉस तंतूही तपासले. लांब नलिकांनी लांब ॲस्बेस्टॉसप्रमाणेच दाह व ग्रॅन्युलोमा निर्माण केले. आखूड व गुंतलेल्या नलिकांनी तसे केले नाही.

या प्रयोगात कर्करोग आढळला नव्हता. प्रयोगाचा कालावधीही अल्प होता. त्याचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. ‘नॅनोनलिका घातक आहेत काय?’ या प्रश्नाचे एकच उत्तर संभवत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. नळी कोणती, किती लांब, ताठ की लवचीक, सुटी की गुंतलेली, यावर उत्तर बदलते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने रासायनिक पदार्थविषयक कायद्यासाठी नॅनोनलिका म्हणजे ग्राफाइटच असे गृहीत धरता येणार नाही, अशी सूचना प्रसिद्ध केली. अशा रीतीने प्रयोगशाळा आणि कायदा या दोन्ही ठिकाणी ‘कार्बन’ हे नाव एकाच वर्षी अपुरे ठरले.

रसायनशास्त्राचे उत्तर

धोका आकारात व पृष्ठभागात असेल, तर त्यांत बदल करून तो कमी करता येईल काय, या दिशेने पदार्थरसायनशास्त्रज्ञांनी विचार सुरू केला. इटलीतील त्रिएस्ते विद्यापीठाचे मॉरिझिओ प्राटो यांनी नॅनोनलिकांच्या पृष्ठभागावर रासायनिक गट जोडून त्या द्रावणात मिसळण्याजोग्या करण्याच्या पद्धती विकसित केल्या होत्या. २००६ मध्ये प्राटो, कोस्टास कोस्टारेलोस व सहकाऱ्यांनी असे रासायनिक गट जोडलेल्या नलिका उंदरांच्या रक्तात सोडल्यावर त्या मूत्रावाटे बाहेर पडतात, असे दाखविले. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने लांब बहुभिंती नलिकांवर योग्य रासायनिक प्रक्रिया केल्यास त्यांची ॲस्बेस्टॉससदृश घातकता कमी होते, असा निष्कर्ष मांडला. मात्र प्रत्येक प्रक्रियेने हे साधत नाही. नलिकांचे जुडगे सुटून त्यांची परिणामकारक लांबी कमी झाली तरच हा लाभ होतो, हेही त्यांनी नमूद केले.

नॅनोनलिकांच्या चिवटपणाचा प्रश्न पिट्सबर्ग विद्यापीठातील अलेक्झांडर स्टार व व्हॅलेरिअन कागान यांच्या गटांनी हाती घेतला. वनस्पतिजन्य पेरॉक्सिडेज विकर आणि अल्प हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या सान्निध्यात प्रक्रिया केलेल्या एकभिंती नलिका हळूहळू विघटित होतात, हे २००८ मध्ये त्यांना आढळले. २०१० मध्ये मानवी श्वेतपेशींतील मायलोपेरॉक्सिडेज या विकरानेही असेच विघटन होते, हे त्यांनी दाखविले. अविनाशी समजला जाणारा हा पदार्थ विशिष्ट परिस्थितीत शरीरातील यंत्रणेकडून मोडला जाऊ शकतो, ही आशादायक बाब होती. परंतु पृष्ठभागावर कोणतीही प्रक्रिया न केलेल्या नलिका या विकरांना सहजासहजी दाद देत नाहीत आणि कारखान्यात हवेत उडते ती बहुतेक अशीच कच्ची भुकटी असते.

मर्यादेचा आकडा आणि वर्गीकरण

पुराव्याचे रूपांतर आकड्यात करताना निर्माण झालेली विविधता बोलकी आहे. बायर कंपनीने आपल्या गुंतलेल्या स्वरूपाच्या बहुभिंती नलिकांसाठी दर घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली. बेल्जियममधील नॅनोसिल कंपनीने आपल्या उत्पादनासाठी २.५ मायक्रोग्रॅम हा आकडा स्वीकारला. जपानमधील एका राष्ट्रीय संशोधन प्रकल्पाने ३० मायक्रोग्रॅमची शिफारस केली. नायॉशने २०१० च्या मसुद्यात ७ मायक्रोग्रॅम सुचवून एप्रिल २०१३ मध्ये आठ तासांच्या सरासरीसाठी १ मायक्रोग्रॅम ही शिफारस अंतिम केली. ग्राफाइटच्या ५ मिलिग्रॅमशी तुलना करता हे प्रमाण पाच हजारपट कमी आहे. ही शिफारस होय, सक्तीचा कायदा नव्हे, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने ‘एमडब्ल्यूएनटी-७’ या विशिष्ट बहुभिंती नलिकेस ‘मानवात कर्करोगास संभाव्यतः कारणीभूत’ अशा २-बी गटात ठेवले. अन्य बहुभिंती व सर्व एकभिंती नलिका पुराव्याअभावी वर्गीकरण न करता येणाऱ्या तिसऱ्या गटात राहिल्या. तिसरा गट म्हणजे निर्धोकपणाचे प्रमाणपत्र नव्हे, तर माहितीच्या अभावाची नोंद होय. हा फरक सार्वजनिक चर्चेत अनेकदा पुसला जातो. २०१६ मध्ये कासाई व सहकाऱ्यांनी याच एमडब्ल्यूएनटी-७ च्या धुळीत रॅटना १०४ आठवडे श्वास घेऊ दिल्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत फुप्फुसांच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले; फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा मात्र आढळला नाही. श्वासावाटे जाणाऱ्या धुळीविषयीचा आक्षेप या प्रयोगाने बऱ्याच अंशी दूर केला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वीडनमधील केमसेक या संस्थेने सर्व कार्बन नॅनोनलिकांचा समावेश वापरातून काढून टाकावयाच्या पदार्थांच्या आपल्या यादीत केला. २०२० मध्ये या क्षेत्रातील शास्त्रज्ञांनी त्यास जाहीर विरोध करून सर्व नलिकांना एकाच मापाने मोजणे अशास्त्रीय असल्याचे प्रतिपादन केले. उलट बाजूने, प्रत्येक नलिकेची स्वतंत्र तपासणी होईपर्यंत थांबायचे ठरविल्यास तपासणी कधीच पूर्ण होणार नाही, असा युक्तिवाद होता. मार्च २०२२ मध्ये युरोपीय रसायन संस्थेच्या जोखीम मूल्यमापन समितीने जर्मनीच्या प्रस्तावावर दिलेले मत या वादात मध्यममार्ग दाखविणारे ठरले. व्यास ३० नॅनोमीटर ते ३ मायक्रोमीटरपर्यंत, लांबी किमान ५ मायक्रोमीटर आणि लांबी व व्यासाचे गुणोत्तर किमान ३ असलेल्या बहुभिंती कार्बन नलिकांना १-बी वर्गातील कर्करोगकारक मानावे, असे ते मत होते. येथे वर्गीकरणाचा आधार पदार्थाच्या नावाइतकाच त्याची मापे हाही आहे. स्टॅन्टन यांनी तंतूंविषयी मांडलेले सूत्र सुमारे अर्ध्या शतकानंतर नॅनोनलिकांच्या वर्गीकरणात उतरले, असे म्हणता येईल.

भारतीय संदर्भ

भारतीय संशोधकांचा या क्षेत्रातील सहभाग आरंभापासूनचा आहे. बंगळूर येथे सी. एन. आर. राव व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच फेरोसीनसारख्या संयुगांच्या औष्णिक विघटनातून नॅनोनलिका तयार केल्या. अजय सूद यांच्या गटाने २००३ मध्ये नॅनोनलिकांवरून द्रव वाहताना विद्युतदाब निर्माण होतो, हे दाखविले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील महेश्वर शॅरन हे कापरापासून नॅनोनलिका तयार करण्याच्या संशोधनाशी निगडित होते. या विषयावरील २००२ मधील संयुक्त लेखात त्यांच्यासह इजिमा यांचेही नाव आहे. देवघरातील कापूर हा कच्चा माल ठरावा, ही महाराष्ट्रातील वाचकास जवळची वाटणारी बाब होय. २००७ मध्ये केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपयांच्या नॅनो मिशनला मंजुरी दिली.

सुरक्षिततेच्या बाजूने पाहता भारताकडे ॲस्बेस्टॉसच्याच संदर्भातील एक मौलिक वारसा आहे. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर निर्णय देताना कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो कालावधी उशिरा संपेल तोपर्यंत, जपून ठेवण्याचा आदेशही त्यात होता. चाळीस वर्षांचा हा आकडा विनाकारण आलेला नाही. ॲस्बेस्टॉसशी संपर्क आणि मेसोथेलिओमा यांत अनेकदा तीन-चार दशकांचे अंतर असते. नॅनोनलिकांचे औद्योगिक उत्पादन एकविसाव्या शतकाच्या आरंभी वाढले, हे ध्यानात घेता मानवातील दीर्घकालीन परिणामांचा हिशेब मांडण्याइतका काळ अद्याप लोटलेला नाही. ज्या कामगाराची नोंदच नाही, त्याचा आजार उद्या पुराव्यात गणला जाणार नाही.

निष्कर्ष

१) नॅनोनलिकांच्या बाबतीत शंका लवकर व्यक्त झाली. ॲस्बेस्टॉसच्या पहिल्या सूचनेनंतर नियमास तेहतीस वर्षे लागली. येथे व्यापक उत्पादनापूर्वीच प्रश्न विचारला गेला. हे इतिहासाच्या स्मरणाचे फलित होय.

२) शंका लवकर आली तरी उत्तर लवकर मिळाले नाही. १९९८ मधील प्रश्नापासून २०२२ मधील मापाधिष्ठित वर्गीकरणापर्यंत चोवीस वर्षे गेली. या विलंबाचे एक प्रमुख कारण म्हणजे एका नावाखाली अनेक भिन्न पदार्थ एकत्र आले होते.

३) ‘हे तर केवळ कार्बन’ हे विधान आणि ‘हे तर नवे ॲस्बेस्टॉस’ हे विधान ही दोन्ही सारखीच अपुरी आहेत. पहिल्याने कामगार असुरक्षित राहतो, तर दुसऱ्याने अधिक सुरक्षित नलिका घडविण्याची रसायनशास्त्राची वाट बंद होते.

४) लांबी, व्यास, ताठरता व टिकाऊपणा यांची माहिती उत्पादनासोबत देणे आणि हाताळणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ जपणे या दोन गोष्टी सावधगिरीचा किमान पाया ठरतात.

प्रतीक्षेचा काळ विज्ञानाला अटळ असतो. मात्र त्या काळाची किंमत प्रयोगशाळेबाहेर, भुकटी तोलणाऱ्या व पिशव्या भरणाऱ्या माणसांना चुकवावी लागू शकते. ॲस्बेस्टॉसच्या इतिहासात ती त्यांनीच चुकविली. नॅनोनलिकांच्या इतिहासात तसे घडू नये यासाठी आवश्यक ते ज्ञान आज बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. ते कामाच्या जागेपर्यंत पोहोचविणे ही आता नियमनकर्त्यांची, उत्पादकांची आणि विद्यापीठीय प्रयोगशाळांची संयुक्त जबाबदारी आहे.